बसून जाणारा ट्रॅक्टर

नवरात्र सहा दिवसांवर आलं होतं आणि नागूबाईंच्या गोधड्या निम्म्याच धुऊन झाल्या होत्या. सहा गोधड्या कुंपणावर पाणी गाळत पडल्या होत्या, पाच अजून हौदात भिजत होत्या, आणि बारावीला नागूबाई लुगडं खोचून पायांनी तुडवत होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान राजपाल बसवकल्याणच्या दवाखान्यातून आले. आल्यावर ओट्यावर टेकायचा त्यांचा नेम, पण आज ते टेकले नाहीत. कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. नागूबाईंनी पाय थांबवले.

“काय मनले डॉक्टर?”

“शेतात चालवा मनले. मऊ मातीत काय हुईत न्हाई. डांबरीवर न्हाई चालवायचा. त्या लहान ट्रॅक्टरचे हादरे मणक्याला सोसत न्हाईत मनले.”

“आन् न्हाई ऐकलं तर?”

“पुढच्या दसऱ्याला फळीवर झोपून ऱ्हाताव मनले.” राजपालांनी हौदाकडं बघत सांगितलं. “कमठाण्याच्या कल्लप्पाला फोन केलो. केव्हाचा मागायलाय ट्रॅक्टर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो मनला.”

त्यांच्या राजेश्वर गावात मोठे ट्रॅक्टर बरेच आहेत. लहान, तुरीच्या दोन ओळींमधून झाडाला न लागता जाणारा, असा ट्रॅक्टर आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आणला तो राजपालांनी. घरची चार एकरं दोन दिवसांत उरकायची. बाकीचा हंगाम ते मुडबीला आणि त्याच्या पलीकडच्या गावांत लोकांच्या शेतात असायचे, पावसाळ्यात कोळपणीला आणि दसऱ्यानंतर हरभरा-ज्वारीच्या पेरणीला. मुडबीला जायचं म्हणजे त्या ट्रॅक्टरवर डांबरी रस्त्यानं दोन तास. म्हणजे डॉक्टरांनी रस्ता बंद केला तेव्हा कामच बंद केलं होतं.

आणि काम नसलेला राजपाल कसा असतो हे नागूबाईंना माहीत होतं. एका वर्षी विषमज्वरानं दोन महिने घरी होते. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी बोलणं सोडलं आणि सकाळपासून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचे. ट्रॅक्टर गेला तर हा माणूस पुन्हा घड्याळासमोर बसणार, हे नागूबाईंना आत्ताच दिसायला लागलं. पण काळजी वाटली की त्यांच्या डोक्यात प्रश्न उगवायचा, ही त्यांची जन्माची खोड.

“एक सांगा,” त्या हौदातूनच म्हणाल्या, “ट्रॅक्टरनं चालतच कामून जायाचं?”

“मग काय उडत जाईल?”

“उडत न्हाई वो. बसून. वरातीतल्या नवरदेवावानी. आपली जीप हाय की. जीपीला मागं एक ट्रॉली, ट्रॉलीत ट्रॅक्टर. जीप चालवायचं विचारलाव का डॉक्टरला?”

“विचारलो. तिला गादी हाय, स्प्रिंगा हायत, चालतंय मनले.” राजपाल जरा थांबले. “ट्रॉलीत ट्रॅक्टर! लोक हासतील.”

“हासूं द्या. दसऱ्यापतोर वेळ हाय. तवर मला बगू द्या.”

गोधडी तशीच हौदात सोडून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

नागूबाईंचं माहेर मुडबीचं. शाळा कानडी, सातवीपर्यंत. मराठी त्या पोथीतून शिकल्या, त्यामुळं त्यांच्या लिहिण्यात अजूनही ‘श्रीगणेशाय नमः’ झाल्याशिवाय किराणाची यादीसुद्धा सुरू होत नाही. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यांचं चावीचं घड्याळ त्यांनी उघडून बघितलं होतं. चालू घड्याळ, काही बिघडलेलं नव्हतं. सासूनं विचारलं, कामून उघडलीस गं? तर म्हणाल्या, आत टिकटिक कोण करतंय ते बघायचं होतं. पुन्हा बसवलं ते रोज पाव तास पुढं जायचं, आणि त्या पाव तासापायी सासऱ्यांची हुमनाबादची बस कधी चुकली नाही. म्हणून कुणी फार बोललं नाही.

पुढं शिलाई मशीन शिकल्या, ती शिवायच्या आधी सोडवायला शिकल्या. लाइटच्या खांबावर माणूस चढला की खाली उभं राहून त्याला विचारायच्या, दादा, ह्यातली कोणती तार आमच्या घरची? देवळात देवीची पोथी चालली असताना एकदा पुजाऱ्यांनाच विचारलं की अठरा हातांत अठरा आयुधं, मग आईनं आशीर्वाद कोणत्या हातानं दिला? पुजारी म्हणाले, बाई, तुम्ही आधी प्रसाद घ्या. शेजारच्या सुशीलाबाई अजून ते सांगून हसतात. पण भक्ती म्हणाल तर नागूबाईंचा गुरुवार कधी चुकला नाही, माणिकनगरचं दर्शन कधी टळलं नाही. देवानं केलेलं सगळं नीट बघून घ्यावं, ही पण त्याची सेवाच, असं त्यांना वाटायचं.

तर ट्रॉली. पितृपक्ष चालू होता, आणि पितृपक्षात आपल्याकडं नवी वस्तू घेत नाहीत. पण बघायला काय हरकत आहे, असं म्हणून नागूबाईंनी तीन दिवसांत तीन ट्रॉल्या बघितल्या.

पहिली गावातलीच, उसाची. लांबलचक, भिंतीएवढ्या बाजू. नागूबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि राजपालांना म्हणाल्या, “ही जीपीला लावली तर जीप हिला वढंल का ही जीपीला?” विषय संपला.

दुसरी राघोबा बँडवाल्याची. लग्नात जनरेटर ओढायची. जनरेटर आता त्यांनी गाडीवरच बसवला होता, त्यामुळं ट्रॉली मोकळी. गुडघ्याएवढी ठेंगणी, दोन्ही बाजूंना पत्र्यावर नाचणारे मोर, मागं ‘शुभ विवाह’. ट्रॉलीची दोन चाकं बाजूच्या पत्र्यांच्या बाहेरून होती. मागची झडप पाडली की तीच उताराची फळी व्हायची. ट्रॅक्टर सरळ वर.

तिसरी हुमनाबाद रस्त्यावर प्रशांतकुमारच्या वेल्डिंगच्या कारखान्यात. कुणी तरी पाण्याच्या टाकीसाठी करायला सांगून परत आलाच नव्हता. नुसता सपाट लोखंडी पाट, कडेला चार बोटं उंच पट्टी, चाकं पाटाच्या खाली. पाट चांगला पाच फूट रुंद, पण जमिनीपासून कमरेएवढा उंच.

“यावर चढवायचा कसा वो?” नागूबाईंनी विचारलं.

“लांब फळ्या लागतील अक्का. आखूड फळी लावलात तर ट्रॅक्टर उभा होईल, तोंड आभाळाला.” प्रशांतकुमार डिप्लोमा शिकलेला, विचारलेलं सांगायला त्याला आवडायचं. “आणि कोणती बी ट्रॉली घ्या, एक ध्यानात ठेवा. वजन चाकाच्या जरासं पुढं पायजे. मागं गेलं की जीपीचं शेपूट उचलतंय, मग ट्रॉली रस्त्यावर अशी झुलायलीय…” त्यानं हात नागाच्या फण्यासारखा हलवून दाखवला.

घरी आल्यावर नागूबाईंनी ओट्यावर लाटणं ठेवलं, त्यावर फळी, फळीवर वीट. वीट मागं सरकवली, फळी पुढून उचलली. पुढं सरकवली, फळी दाबून बसली. मग एक बोट पुढं, दोन बोटं पुढं, असं चाललं. सुशीलाबाई भिंतीवरून बघत होत्या.

“नागूअक्का, पितराला काय इटंचा निवद दाखवायलाव का?”

“या की इकडं, तुमाला बी दाखवते.”

“नको बाई. मागल्या बारीला मिक्सर दाखवलाव, तवापासून त्यो माज्याकडं बगून गुरगुरायलाय.”

एवढं बघून झालं तरी ट्रॅक्टरचं माप राहिलं होतं. कंबर धरल्यावर राजपाल ट्रॅक्टर मुडबीलाच हणमंतप्पांच्या गोठ्यात सोडून बसनं आले होते. हणमंतप्पा नात्यानं नागूबाईंचे चुलते. त्यांचा माणूस अमावस्येच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आणून सोडून गेला.

अमावस्येला आपल्याकडं बैल जुंपत नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पण लोकांनी ट्रॅक्टरलाही अमावस्येची सुट्टी दिली आहे. त्यात ही सर्वपित्री. नागूबाईंनी पहाटेच ट्रॅक्टरला हळदीकुंकू लावलं, ब्लाउज शिवायची टेप काढली आणि मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरली. सदतीस इंच. दोनदा मोजलं. मग दिनदर्शिकेच्या मागं लिहिलं आणि स्वयंपाकाला लागल्या. राघोबांच्या ट्रॉलीची आतली रुंदी बेचाळीस इंच होती.

“दोनी अंगाला अडीच अडीच इंच,” त्या राजपालांना वाढता वाढता म्हणाल्या. “ब्लाउजला बी येवडी माया सोडीत न्हाई मी. ठेंगणी हाय, चढवायला सोपी. तीच घ्यावं.”

राजपाल हूं म्हणाले. हसले नाहीत, पण त्यांनी खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. नागूबाईंना तेवढं पुरलं.

घट बसले. घरात नंदादीप, नागूबाईंचे नऊ दिवसांचे उपास. तिसऱ्या माळेला राजपाल जीप घेऊन गेले आणि राघोबांची ट्रॉली घेऊन आले. राघोबा स्वतः बरोबर आले होते. आधी चढवून बघा, मग नारळ फोडू, असं ठरलं होतं. गल्लीतली माणसं जमली. ट्रॉलीत ट्रॅक्टर चढणार म्हणजे काय, हे कुणी बघितलं नव्हतं.

झडप पाडली. राजपालांनी ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढली आणि सावकाश पुढं घेतला. पुढची चाकं वर गेली. नागूबाईंनी देवीचं नाव घेतलं. मागची चाकं झडपेवर आली आणि खाडकन दोन्हीकडचे पत्रे वाजले. ट्रॅक्टर थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. राजपालांनी जरा जोर दिला तर डावीकडच्या मोराची मान वाकली.

“ओ, ओ, माजा मोर!” राघोबा ओरडले.

लोक हसले. सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. राजपाल ट्रॅक्टर मागं घेऊन खाली उतरले, आणि उतरताना त्यांनी कंबर दोन्ही हातांनी धरली.

“झालं,” ते म्हणाले. “आईच्या मनात न्हाई. कल्लप्पा येऊ दे.”

नागूबाई घरात गेल्या. रडायला गेल्या असं लोकांना वाटलं. त्या टेप घेऊन बाहेर आल्या आणि ट्रॅक्टरच्या मागं बसून मोजायला लागल्या. पंचेचाळीस इंच. पुन्हा मोजलं. पंचेचाळीस.

आपलं माप चुकलं याचं दुःख राहिलं बाजूला. लोखंड आठ इंच वाढलं कसं? त्या चाकापाशी उकिडव्या बसून राहिल्या. चाक बघितलं, त्याच्या आतली तबकडी बघितली. अमावस्येच्या सकाळी हळदीकुंकू लावलं होतं ते बाहेरच्या अंगाला, नटांच्या वर. आता बाहेर हळद नव्हती. त्यांनी मान खाली घालून चाकाच्या आतल्या बाजूला बघितलं. हळदीचा पट्टा तिथं होता.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या, “चाकं उलटी कवा केलाव?”

“अमावस्येलाच की,” राजपाल म्हणाले. “जेवून झाल्यावर. गल्लीतली दोघंजणं आले, त्यांनीच काढून बसवले, मी हात बी लावलो न्हाई. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. दर वर्षीच करतो. तुरीत हिंडायला चाकं आत पायजेत, पेरणीला रुंद पायजेत. न्हाईतर पेरायलो की त्यो डुलतोय.”

“मला सांगायचं न्हाई?”

“आता ह्यात काय सांगायचं? माणूस पटका बांधला काय न् सोडला काय, माणूस त्योच की.”

पितृपक्षात घ्यायचं नाही म्हणून थांबले. अमावस्येला ट्रॅक्टर घरी म्हणून माप घेतलं. आणि अमावस्येला ट्रॅक्टर घरी म्हणूनच चाकं उलटली. देवाधर्मात एक पाऊल चुकलं नव्हतं आणि माप मात्र आठ इंचांनी गेलं होतं.

“मग पुन्हा आत घ्या चाकं,” राघोबांनी सुचवलं. “मुडबीला गेल्यावर बाहेर काढा.”

“अन् येताना परत आत. दर खेपंला चार बारी जॅक लावायचा, चाकं उचलायची,” राजपाल म्हणाले. “ती माजी कंबर उचलंल का तुमचा बँड?”

राघोबांनी मोराची मान हातानं सरळ केली. “मोर बगून बी नको मनलाव म्हणजे कमाल झाली,” असं म्हणत ट्रॉली परत घेऊन गेले.

दोन दिवस राजपाल घड्याळासमोर बसून राहिले. पाचव्या माळेला नागूबाईंनी त्यांना जीप काढायला लावली. “कुटं?” “प्रशांतकुमारकडं. त्याची ट्रॉली पाच फूट हाय. साठ इंच.” “कमरंएवडी उंच हाय ती. लांब फळ्या कुटं घालून हिंडणार? चढवता चढवता उलटा पडलो तर?” “ते मला बी कळंना अजून. बगू तर.”

हुमनाबाद रस्त्यावर एका शेताच्या कडेला टेम्पो उभा होता आणि त्यात म्हशी चढवत होते. नागूबाईंनी जीप थांबवायला लावली. टेम्पो उंच होता, फळी कुठंच नव्हती. रस्ता खाली, शेत वर; त्याची मागची बाजू शेताच्या बांधाला टेकवली होती. म्हैस शेतातून चालत आली, बांधावरून सरळ टेम्पोत गेली आणि तिथं उभी राहून रवंथ करायला लागली.

नागूबाई उतरून गेल्या. “दादा, फळी कामून लावलाव न्हाई?”

“फळीवर म्हैस पाय ठेवती का मावशी?” तो माणूस म्हणाला. “बांधाला लावलं की तिला कळत बी न्हाई घर सोडलं मनून.”

नागूबाई परत येऊन जीपमध्ये बसल्या. मग म्हणाल्या, “आपल्या शेताचा बांध केवडा हाय?”

राजपालांनी त्यांच्याकडं बघितलं. विषमज्वरातून उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा भाकरी मागितली होती, तसंच काहीसं त्यांच्या तोंडावर दिसलं. “चल,” ते म्हणाले, आणि जीप वळवली.

गाडीवाटेच्या बाजूनं बांध मोजला, तर प्रशांतकुमारच्या पाटापेक्षा दोन इंच कमी. दोन इंचांना दोन आखूड फळ्या बास. पण चढवून उपयोग काय, मुडबीला उतरवायलाही बांध पाहिजे. नागूबाईंनी तिथूनच हणमंतप्पांना फोन लावला.

“काका, तुमच्या वाटंकडल्या बांधाची उंची सांगा.”

“कशाची?”

“बांधाची वो. उंची.”

“पन्नास वर्सं झाली बाई बांध घालून. कुणी उंची इचारलं न्हाई आजपतोर. थांब… माज्या कमरंला लागायलाय.”

“तुमी केवडे हाव?”

“आँ?”

“तुमची उंची किती हाय काका?”

मग हणमंतप्पा म्हणाले, “राजपाल हाय का गं तिथं? त्याला दे.” राजपाल फोनवर हसत हसत सगळं सांगत होते. त्यांच्या हसण्याचा आवाज नागूबाईंनी बऱ्याच दिवसांनी ऐकला. शेवटी हणमंतप्पांनी काठी लावून मोजलं आणि कळवलं. बांध पाटापेक्षा चार बोटं जास्तच होता, तो टोकापाशी उतरता होता, जमणार होतं.

या वेळी नागूबाईंनी चाकं कशी आहेत ते आधी स्वतः जाऊन बघितलं, मग टेप धरली. प्रशांतकुमारची ट्रॉली सातव्या माळेला देवीसमोर नारळ फोडून घेतली. त्यानं फुकटात दोन आखूड फळ्या आणि ट्रॅक्टर जखडायला चार कड्या जोडून दिल्या. लगेच शेतात नेली, बांधाला पाठ लावून उभी केली, तिच्या चाकांना दगड लावले. गल्लीतले दोघं-तिघं आले होते, सुशीलाबाईही आल्या होत्या, हसायचं तयार ठेवून.

राजपालांनी ट्रॅक्टर शेतातून आणला. बांधावर आला, फळ्यांवरून पुढं सरकला, आणि पाटावर जाऊन उभा राहिला. एवढंच. पत्रा वाजला नाही, काही वाकलं नाही. दोन्ही बाजूंना साडेसात साडेसात इंच मोकळे.

“थांबा!” नागूबाई ओरडल्या. जीपचं शेपूट वर उचललं होतं. “पुढं घ्या. आनखी. आनखी वीतभर.” शेपूट बसलं. जरा जास्तच बसलं. “चार बोटं मागं.” मग त्यांनी खाली वाकून, चाक जिथं टेकलं होतं तिथं पाटावर खडूनं रेघ मारली.

साखळ्या आवळून राजपाल जीप घेऊन हमरस्त्यापर्यंत गेले. पार पुलापलीकडं. नागूबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. सुशीलाबाई त्यांच्याशेजारी.

“खरंच की गं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “बसून चाललाय मुडदा.”

जीप परत आली. ट्रॉली झुलत नव्हती. राजपाल खाली उतरले ते कमरेला हात न लावता.

“कंबर?”

“हाय तितंच हाय.” त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, एकेक साखळी ओढून बघितली. मग खिशातून फोन काढून तो नागूबाईंपुढं धरला. “कल्लप्पाला लाव. मन, येऊ नको.”

“तुमचा ट्रॅक्टर. तुमीच लावा.”

राजपालांनी लावला. “कल्लप्पा, न्हाई इकायचा. व्हय. व्हय, ठरलं. …मग तू काय कर, तुज्या शिवारात पेरायचं असलं तर सांग. वाटंकडल्या बांधाची उंची मोजून ठिव मातर. …कामून मनजे? यायचं असतंय त्याला.”

पलीकडून कल्लप्पा बराच वेळ काही तरी विचारत होता. राजपाल बांधावर बसून सांगत राहिले.

मुडबीची पेरणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ठरली. हणमंतप्पांनी बी काढून ठेवलं आहे. ट्रॉलीच्या मागं अजून दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही, आणि पहाटेच्या अंधारात हमरस्त्यानं जायचं आहे. उद्या सकाळी माळ वाहून झाली की नागूबाईंना बसवकल्याणला जाऊन लाल रेडियमची पट्टी आणि दोन दिवे आणायचे आहेत.